लिंडोसला आधी गड, मग गाव

ग्रीक बेटांच्या क्रूझवर जहाज ऱ्होड्सला लागलं, की बरेच जण बंदराजवळच्या जुन्या शहरातच दिवस काढतात. ते शहर सुरेख आहेच, पण हातात पूर्ण दिवस असेल तर त्याच बेटावरचं लिंडोस गाव चुकवू नका. अंतर साधारण 50 किलोमीटर. बसने एक-दीड तास धरा, आणि शक्यतो सकाळची पहिली गाडी पकडा.

उतरल्यावर गल्लीतल्या दुकानांत रेंगाळू नका, थेट अक्रोपोलिस, म्हणजे टेकडीवरचा गड, चढा. वर सावली जवळजवळ नाहीच, आणि उन्हाळ्यात अकरानंतर दगड तापतात. पायऱ्यांचा दगड लाखो पावलांनी घासून गुळगुळीत झालाय, त्यामुळे चपला नकोत, पकड असलेले बूटच हवेत. पाणी खालूनच घ्या. गाढवं मिळतात, पण त्या उन्हात त्यांच्यावर बसू नये असं मला मनापासून वाटतं.

गडाच्या दरवाजाकडे जाणाऱ्या उंच जिन्याआधी डावीकडच्या कातळाकडे नीट बघा. तिथे जहाजाची मागची बाजू कोरलेली आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. अथेना देवीच्या देवळाकडे जायच्या घाईत लोक तिच्यासमोरून तसेच पुढे जातात.

गाव उतरताना बघा. जहाजांच्या कप्तानांच्या जुन्या घरांत काळ्या-पांढऱ्या दगडगोट्यांची नक्षीदार जमीन दिसते.

परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणेच लावा, ते कधी स्थानिक वेळेपेक्षा वेगळं असतं. स्वतःहून गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, म्हणून हाताशी दोन तास जादा ठेवा.