दोन ग्लास शेजारी ठेवून : स्कॉच सिंगल माल्टची तुलना

एकाच ग्लासात मध, सफरचंद आणि धूर शोधत बसण्यापेक्षा दोन ग्लास शेजारी ठेवून आळीपाळीने हुंगले, तर सिंगल माल्ट व्हिस्की फार लवकर उमगू लागते. अट एवढीच, की त्या दोन ग्लासांमध्ये शक्यतो एकाच बाबतीत फरक असावा. चार बाबी वेगळ्या असल्या, तर फरक जाणवतो खरा, पण तो कशामुळे आला हे सांगता येत नाही.

बाबी फार नाहीत. ब्रिटनच्या 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनुसार स्कॉच सिंगल माल्ट ही एकाच डिस्टिलरीत, केवळ माल्ट केलेल्या (मोड आणून वाळवलेल्या) बार्लीपासून, पॉट स्टिलमध्ये (हंड्यासारख्या ऊर्ध्वपातन-पात्रात) तयार करावी लागते, जास्तीत जास्त 700 लिटरच्या ओकच्या पिंपांत स्कॉटलंडमध्येच किमान 3 वर्षे मुरवावी लागते आणि बाटलीत अल्कोहोल किमान 40 टक्के असावे लागते. त्यामुळे फरक उरतो तो मुख्यतः बार्ली पीटच्या (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवली होती का, स्टिलचा आकार कसा आहे, पिंपात आधी काय होते आणि मद्य किती वर्षे मुरले, यांतच. लेबलवरचे वय हे बाटलीतील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे असते. रंगावरून मात्र काहीही ठरवू नये, कारण कॅरामेलचा रंग मिसळण्यास नियमांची परवानगी आहे.

प्रदेशाच्या नावावरही मी फारसा भरवसा ठेवत नाही. स्कॉटलंडचे आयला बेट म्हणजे धूर, असे सर्रास म्हटले जाते. पण त्याच बेटावरच्या बुनाहावेन डिस्टिलरीच्या 12 वर्षे मुरलेल्या व्हिस्कीत धूर जवळजवळ नसतो, आणि नियमांच्या दृष्टीने हायलंड या प्रदेशात मोडणाऱ्या स्काय बेटावरच्या टॅलिस्कर व्हिस्कीत तो स्पष्ट जाणवतो.

धुराचा परिणाम समजून घ्यायचा असेल, तर ब्रुकलॅडी डिस्टिलरीची क्लासिक लॅडी आणि पोर्ट शार्लट 10 ही जोडी घ्यावी. दोन्हींमध्ये अल्कोहोल 50 टक्के असते. पहिलीची बार्ली पीटविना, तर दुसरीची भरपूर पीटवर वाळवलेली असते. पिंपाचा परिणाम पाहण्यासाठी ग्लेनमोरंजी डिस्टिलरीची ओरिजिनल आणि लसांटा शेजारी ठेवाव्यात. पहिली बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपांत मुरते. दुसरी अशाच पिंपांतून काढून पुढे शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपांत ठेवलेली असते, म्हणून तिच्यात मनुका आणि मसाल्यांकडे झुकणारा गोडवा येतो.

आता पाणी, कारण सर्वाधिक तुलना इथेच फसतात. 46 टक्क्यांची व्हिस्की 40 टक्क्यांच्या व्हिस्कीशेजारी ठेवली, तर अल्कोहोलची धग हीच आपल्याला चव वाटू लागते. म्हणून दोन्ही एका पातळीवर आणाव्यात : 46 टक्क्यांच्या 20 मिलिलिटरमध्ये 3 मिलिलिटर पाणी घातले, की ती 40 टक्क्यांवर येते. हिशेब सोपा आहे. व्हिस्कीची मात्रा तिच्या टक्केवारीने गुणून 40 ने भागावी आणि उत्तरातून मूळ मात्रा वजा करावी. ड्रॉपर किंवा औषधाची सिरिंज यासाठी पुरते. डिस्टिलरीतले ब्लेंडर, म्हणजे व्हिस्की पारखून मिसळणारे तज्ज्ञ, तर हुंगताना व्हिस्की साधारण 20 टक्क्यांपर्यंत पातळ करतात, कारण तेव्हा अल्कोहोलचा झणका कमी होतो आणि एरवी दडून राहणारे दोषही उघडे पडतात. तेव्हा पाणी घातल्याने व्हिस्की बिघडते, ही समजूत सोडून द्यावी. बर्फाने मात्र वास दबतो; तुलनेत तो नकोच.

ग्लास तोंडाशी निमुळते, एकसारखे असावेत आणि प्रत्येकात 15 ते 20 मिलिलिटरच घ्यावे. नाक ग्लासात खुपसू नये. तोंड किंचित उघडे ठेवून काठावरून हलकेच हुंगावे, दुसऱ्या ग्लासाकडे वळावे, पुन्हा पहिल्याकडे यावे. नाक थकले, तर आपल्याच बाहीचा वास घ्यावा. हास्यास्पद वाटले तरी ही युक्ती कामाची आहे. घोट घेताना धुराची व्हिस्की नेहमी शेवटी ठेवावी, कारण तिच्यानंतर नाजूक व्हिस्की जिभेला पाण्यासारखी लागते. एका बैठकीत तीन नमुने पुरेत. चौथ्यापासून आपली मते अधिक ठाम आणि कमी विश्वसनीय होत जातात.

नोंद करताना उपमांच्या मागे लागू नये. ‘डावीकडची अधिक धुरकट, उजवीकडची घशात जास्त वेळ रेंगाळते’ एवढे पुरते. शक्य असल्यास ग्लासांच्या तळाशी खुणा करून ते दुसऱ्या कोणाकडून अदलाबदल करून घ्यावेत, म्हणजे कोणत्या ग्लासात काय आहे हे आधी कळत नाही. रिकामे ग्लास मात्र लगेच धुऊ नयेत. सकाळपर्यंत अल्कोहोल उडून गेलेले असते, आणि कोरड्या काचेवर पीटची राख किंवा ओकचा वास रात्रीपेक्षाही स्वच्छ मिळतो.