बंद पडणाऱ्या संगणकाच्या नोंदी कशा राखल्या

सांगलीतील हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबासाठी ठेवलेला लिनक्स संगणक ऐन सौद्याच्या वेळी आपोआप बंद पडत असे, आणि तो पुन्हा सुरू करून मी लॉग, म्हणजे संगणक स्वतःच लिहून ठेवतो त्या नोंदी, पाहू लागलो की आधीचे सारे पुसलेले असे. सिस्टिमडी या लिनक्समधील सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेची, नोंदी ठेवणारी जर्नल सेवा (जर्नलडी) ‘ऑटो’ मांडणीत असल्यास ‘व्हार’मधील ‘लॉग’ या फोल्डरात ‘जर्नल’ नावाचा फोल्डर असेल तरच नोंदी डिस्कवर लिहिते. तो नसल्यास त्या मेमरीत राहतात आणि संगणक बंद होताच संपतात. येथे तो नव्हता.

मी जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘स्टोरेज’पुढे ‘पर्सिस्टंट’, म्हणजे नोंदी डिस्कवर टिकवा, असे लिहिले. मात्र मर्यादा ठरवून दिली नाही तर नोंदी फाइलसिस्टिमच्या 10 टक्क्यांपर्यंत, कमाल 4 जीबी, जागा व्यापू शकतात आणि त्या जुन्या डिस्कवर एवढी जागा देणे परवडणारे नव्हते; म्हणून ‘सिस्टिममॅक्सयूज’ ही जागेची कमाल मर्यादा 200 एमबी ठेवून संगणक रीस्टार्ट केला.

चार दिवसांनी तो पुन्हा बंद पडला. नोंदी दाखवणाऱ्या ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञेला ‘बी’ हा पर्याय आणि उणे एक हा आकडा देऊन मागील सत्राच्या नोंदी उघडल्या, तेव्हा तापमान कमाल मर्यादेला पोहोचल्यामुळे यंत्र बंद करीत असल्याचा कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) इशारा शेवटी सापडला. (अतिगंभीर इशारे जर्नल तत्काळ डिस्कवर उतरवते, हे येथे उपयोगी पडले.) झाकण उघडले, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली हळदीच्या धुळीचा पिवळा थर होता. तो ब्रशने काढला. दुकानातील दिवाणजी मात्र दोष विजेचाच असल्याचे अजूनही सांगतात.