पायाच्या नखाची बुरशी : या चुका टाळा

आईच्या उजव्या अंगठ्याचं नख पिवळं पडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "वयाने होतं असं." पुढे ते इतकं जाड झालं की नेल कटरच्या तोंडात मावेना आणि नखाखाली कोंड्यासारखा भुगा साठू लागला. तरी आम्ही दोन वर्षं मेडिकलमधून आणलेली ट्यूब त्यावर चोळत राहिलो. ट्यूब संपत गेल्या, नख तसंच. ती दोन वर्षं वाया गेली याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

ट्यूब का लागू पडली नाही, याचं उत्तर सोपं आहे. बुरशी बसते नखाच्या खाली, आणि नख म्हणजे केराटिन या कठीण प्रथिनाचा घट्ट थर. त्वचेसाठी बनवलेलं मलम त्यातून आत पोचतच नाही. नखासाठी वेगळं लॅकर मिळतं, नेलपॉलिशसारखं लावायचं. ५ टक्के अमोरोल्फिन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, तर ८ टक्के सायक्लोपिरॉक्स रोज. पण त्याचा भरवसा सुरुवातीच्या अवस्थेतच, बुरशी नखाच्या टोकाकडे असेपर्यंत. तेही आधी नख कानशीने घासून पातळ केलं तर. जाड नखावर नुसतं लॅकर फासणं म्हणजे गंजलेल्या पत्र्यावर रंग देणं.

पण त्याच्याही आधीची चूक मोठी आहे : तपासणीशिवाय औषध. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्या नखांतच बुरशी सापडते. उरलेल्यांत सोरायसिस किंवा लायकेन प्लॅनस हे त्वचेचे आजार असतात, घट्ट बुटांचा रोजचा मार असतो. बुरशी बहुधा नखाच्या टोकाकडून किंवा कडेने शिरते आणि मुळाकडे सरकते. नख पिवळं-पांढरं, भुसभुशीत होतं, खालच्या मांसापासून सुटतं. सुरुवात बहुतेकदा अंगठ्याच्या एकाच नखापासून होते. दहाच्या दहा नखं एकदम बिघडली असतील, किंवा हातांच्या नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील, तर बुरशीशिवाय दुसऱ्या कारणाचा विचार आधी व्हायला हवा. आणि ठेच लागल्याचं आठवत नसताना नखात काळा-तपकिरी उभा पट्टा दिसला, तो रुंद होऊ लागला किंवा काळेपणा मुळाजवळच्या कातडीवर उतरला, तर एक दिवसही थांबू नका. नखाखाली मेलानोमा हा कर्करोगही होतो आणि त्याला बुरशी समजून महिने घालवणं जिवावर बेततं.

तपासणी अवघड नाही. त्वचारोगतज्ज्ञ नखाखालचा भुगा खरवडतात, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात तो विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. यालाच केओएच म्हणतात. भुगा टोकाचा नव्हे, आतला, निरोगी भागाच्या सीमेजवळचा लागतो. औषध लावत असाल तर तसं आधीच सांगा, कारण त्याने निकाल चुकू शकतो. एकदा काही सापडलं नाही म्हणजे बुरशी नाहीच, असंही नाही. शंका राहिली तर डॉक्टर पुन्हा नमुना घेतात, कल्चर करतात (म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघतात) किंवा नखाचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवतात. कल्चरला काही आठवडे लागतात. लागू द्या.

बुरशी पक्की झाली आणि ती खोलवर असली तर सहसा गोळ्याच लागतात. पायाच्या नखासाठी टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, बारा आठवडे, हा नेहमीचा कोर्स. सुरू करण्यापूर्वी यकृताची रक्त तपासणी करून घेतात. दुसरं औषध इट्राकोनाझोल, पण हार्ट फेल्युअर असलेल्यांना ते चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही आणि ॲसिडिटीच्या औषधांमुळे त्याच्या कॅप्सूल अंगी कमी लागतात. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. शेजारणीला गुण आला म्हणून तिची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं अजिबात करू नका.

आता ज्या चुकीपायी सगळ्यात जास्त लोक उपचार अर्धवट सोडतात, ती. तीन महिने गोळ्या खाल्ल्या, नख अजून पिवळंच, म्हणजे औषध फुकट, असं लोक धरून चालतात. पण खराब झालेलं नख सुधारत नसतं. मुळातून नवं नख येतं आणि जुन्याला पुढे ढकलतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हातारपणी त्याहून कमी. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. गोळ्या थांबल्यावरही औषध नखात काही महिने टिकून असतं.

आईच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी, चांगलं नख संपून खराब सुरू होतं तिथे, कानशीने एक बारीक आडवी खाच पाडली. "ही पुढे सरकते का बघत राहा, काकू. पिवळेपणा हिला ओलांडून मुळाकडे आला तर मला लगेच दाखवा."

नखावर उपचार आणि बोटांच्या बेचक्यांकडे दुर्लक्ष, हीही हमखास होणारी चूक. पावसाळ्यात चिखल्या होतात, त्या बऱ्याचदा याच बुरशीच्या, आणि तिथून ती पुन्हा नखात शिरते. त्यावर स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आत फोफावते. आईच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती : जोडवी. त्यांच्याखाली ओल राहते हे आमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. उपचार होईपर्यंत तिने ती काढून ठेवली. अंघोळीनंतर बेचक्या सुती फडक्याने टिपायच्या, ओले बूट दुसऱ्या दिवशी घालायचे नाहीत, तिचं नेल कटर वेगळं.

मधुमेह असलेल्यांनी जाड नख घरी ब्लेडने तासू नये, पाय कढत पाण्यात बुडवू नयेत. पायाला संवेदना कमी असली की कापलेलं, भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

जूनमध्ये पाडलेली आईची खाच दसऱ्यापर्यंत थोडीशीच पुढे आली होती. पण तिच्या मागचं नख गुलाबी होतं. पुढच्या गणपतीच्या आदल्या दिवशी पिवळ्या नखाचा शेवटचा तुकडा कापला. तेव्हा नेल कटर पहिल्याच दाबात मिटलं.