फुल स्टॅक शिकायचंय? मग गल्लीतल्या डेअरीची वही ऑनलाइन करा

फुल स्टॅक डेव्हलपर म्हणजे ब्राउझरमधलं पान, सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम आणि माहिती साठवणारा डेटाबेस, तिन्ही सांभाळणारा माणूस. तिन्ही सुटंसुटं शिकता येतं. पण ते एकमेकांना जोडताना जे अडतं, तिथंच माणूस तयार होतो. म्हणून सुरुवातीपासून एकच काम डोळ्यांसमोर ठेवा. कोल्हापूर भागात त्यासाठी दूध संकलनाच्या वहीइतकं चांगलं काम नाही. रोज दोन वेळा दूध, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर आणि दहा दिवसांनी बिल. हिशोब घरात सगळ्यांना पाठ असतो, त्यामुळं चूक झाली की लगेच सापडते. टू-डू लिस्ट आणि हवामानाचं अ‍ॅप मुलाखत घेणाऱ्यांनी पुष्कळ पाहिलेलं असतं.

८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप पुरतो. रोज तीन तास मन लावून दिले, तर आठ-दहा महिने धरा.

पहिला महिना एचटीएमएल (पानाचा सांगाडा) आणि सीएसएस (पानाची सजावट). नोंदीचा फॉर्म मोबाइलवर नीट दिसला पाहिजे, कारण डेअरीत तो मोबाइलवरच उघडणार. पुढचे तीन महिने नुसती जावास्क्रिप्ट, म्हणजे पान हलतं-बोलतं करणारी भाषा: अ‍ॅरे, ऑब्जेक्ट, फंक्शन, प्रॉमिस, फेच. इथं घाई करून रिअ‍ॅक्टवर (पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) उडी मारणारे पुढं हमखास अडकतात. चूक रिअ‍ॅक्टची की जावास्क्रिप्टची, हेच त्यांना कळत नाही. कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं गिट मात्र पहिल्या दिवसापासून वापरा. त्यानंतर पोस्टग्रेएसक्यूएल (पोस्टग्रेस) हा डेटाबेस आणि त्याच्याशी बोलायची एसक्यूएल भाषा, मग सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि त्यावरचं एक्सप्रेस, आणि शेवटी रिअ‍ॅक्ट. एआयकडून कोड समजून जरूर घ्या, पण तो पुसून स्वतः परत लिहिता आला तरच तो तुमचा.

डेटाबेसला वेळ द्या, नवशिके इथंच कमी पडतात. तीन टेबल पुरतात: सभासद, संकलन आणि दरपत्रक. बिल काढताना दर दरपत्रकातून घेतला, तर दर बदलल्या दिवशी जुनी बिलंही बदलतील. म्हणून नोंद होताना जो दर होता, तो संकलनाच्या ओळीतच लिहून ठेवा. दुसरं, रेंज कमी असली की माणूस 'सेव्ह'चं बटण दोनदा दाबतो आणि एकाच दुधाच्या दोन नोंदी पडतात. बटण तात्पुरतं बंद करणं ही अर्धीच काळजी झाली. सभासद, तारीख, सकाळ-संध्याकाळ आणि गाय-म्हैस या चारांवर मिळून युनिक अट डेटाबेसमध्येच घाला, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा घेतलीच जाणार नाही.

रक्कम रुपयांत नको, पैशांत, म्हणजे पूर्णांकात साठवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. लिटर आणि फॅटसाठी डेटाबेसमधला न्यूमेरिक (अचूक दशांश) प्रकार घ्या, पण नोडची नेहमीची पोस्टग्रेस लायब्ररी न्यूमेरिक आकडा मजकूर म्हणून परत देते. मग ४.५ आणि ३.० यांची बेरीज ७.५ न येता '४.५३.०' अशी चिकटून येते. बेरीज शक्यतो एसक्यूएलमध्येच करा.

तारखेचा घोळ तर खास डेअरीचाच. भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढं आहे. पहाटे पाचची नोंद यूटीसीत आदल्या रात्री साडेअकराची होते. जावास्क्रिप्टचं टूआयएसओस्ट्रिंग (toISOString) फंक्शन यूटीसीतली वेळ देतं, त्यातून तारीख कापून घेतली, तर सकाळचं दूध आदल्या दिवशी जमा होतं. दुपारी बसून चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. भारतीय वेळेनुसार काढलेली तारीख डेटाबेसच्या डेट प्रकारात, वेळेशिवाय साठवा.

तुमच्या लॅपटॉपवर समोरचं पान ५१७३ पोर्टवर (पत्त्यातला दाराचा नंबर) आणि सर्व्हर ३००० वर चालला, की ब्राउझर कॉर्सची (CORS, दुसऱ्या ठिकाणाहून माहिती घ्यायची परवानगी) लाल ओळ दाखवतो. पोर्ट वेगळा म्हणजे ब्राउझरच्या लेखी ठिकाण वेगळं. परवानगी सर्व्हरनं द्यायची असते, आणि ती फक्त तुमच्या पानाच्या पत्त्याला द्या. काही अडलं की आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. सर्व्हरच्या उत्तरात ४०० च्या घरातला आकडा असेल तर पाठवलेली विनंती तपासा, ५०० च्या घरातला असेल तर सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्यानं लिहिलेल्या चुकांच्या नोंदी.

काम पाचव्या महिन्यातच, अर्धवट असलं तरी, इंटरनेटवर चढवा. विंडोजवर चालणारा कोड लिनक्स सर्व्हरवर पडतो, त्याचं नेहमीचं कारण फाइलच्या नावातलं लहान-मोठं अक्षर. विंडोज ते सोडून देतं, लिनक्स सोडत नाही. डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. चुकून गिटहबवर (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची जागा) गेलाच, तर फाइल पुसून भागत नाही. तो इतिहासात राहतो, म्हणून पासवर्डच बदला. एसक्यूएलमध्ये वापरणाऱ्याचा मजकूर जोडून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) बनवू नका, पॅरामीटर वापरा, म्हणजे तो मजकूर क्वेरीपासून वेगळा पाठवा. सभासदांचे पासवर्ड बीक्रिप्टनं हॅश करूनच, म्हणजे परत उलगडता येणार नाहीत असे करूनच, ठेवा.

मग डेअरीच्या सचिवांना दाखवा. तीन बिलं होईपर्यंत कागदी वही आणि तुमचं अ‍ॅप दोन्ही चालू ठेवा आणि बिलं पैशापैशानं जुळवा. मराठी नावांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या रकान्यांची फाइल) एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरं विचित्र दिसली, तर फाइलच्या सुरुवातीला बीओएम, म्हणजे मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण, घाला.

बायोडेटा एक पानाचा. वर चालू अ‍ॅपची लिंक, खाली गिटहब. रीडमीमध्ये (कोडसोबतची माहितीची फाइल) अ‍ॅप कसं सुरू करायचं ते चार ओळींत लिहा आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर ते खरंच सुरू होतं का ते बघा. कोल्हापुरात आणि पुण्यात दोन्हीकडं अर्ज करा. नोकरीची हमी देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासला जुन्या विद्यार्थ्यांची चालू कामं दाखवायला सांगा. रुजू होण्यासाठी डिपॉझिट मागितलं, तर तिथून उठा. मुलाखतीत 'प्रोजेक्टमध्ये काय अडचण आली?' हे बहुतेक विचारतातच. तेव्हा पहाटे पाचची नोंद आदल्या दिवशी का पडत होती, ते कागदावर काढून दाखवा.