नव्या स्पोर्ट्स सेडानच्या डिझाइनचे अंदाज बांधताना या चुका टाळा

सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये बीएमडब्ल्यूने 'कॉन्सेप्ट ४' ही लाल कूपे (दोन दारांची, उतरत्या छताची गाडी) मांडली. नाकावर उभी, जवळजवळ खालपर्यंत उतरलेली भली मोठी किडनी ग्रिल, म्हणजे बीएमडब्ल्यूची ओळख असलेली मूत्रपिंडाच्या आकाराची जुळी जाळी. मी मित्रांना छातीठोकपणे सांगितलं, "हा सगळा शोचा थाट आहे. खरी गाडी येईल तेव्हा ही ग्रिल निम्मी झालेली असेल." जून २०२० मध्ये ४ सिरीज आली, सप्टेंबरमध्ये नवी एम३ सेडान आली आणि दोन्हींच्या नाकावर ग्रिल तश्शीच्या तश्शी. तेव्हापासून नव्या गाडीबद्दल मित्र माझं मत आवर्जून विचारतात आणि त्याच्या बरोब्बर उलट पैज लावतात.

माझं गणित दोन ठिकाणी चुकलं होतं. एक म्हणजे, मला ग्रिल आवडली नव्हती म्हणून ती येणार नाही, असं मी धरून चाललो. दुसरं म्हणजे, शो आणि लाँच यांच्यात जेमतेम नऊ महिने होते, हे ध्यानातच घेतलं नाही. लाँचच्या नऊ महिने आधी पत्रा दाबायचे साचे तयार असतात, बंपरचे मोल्ड कापून झालेले असतात, दिव्यांच्या पुरवठादाराशी करार झालेला असतो. आपल्या नाराजीसाठी ते सगळं कोणी भंगारात काढत नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट आधी बघतो: कुठला भाग बदलणं महाग आणि कुठला स्वस्त. चाकांची जागा, छताची रेषा, काचा, दारं हा गाडीचा सांगाडा. तो बदलायचा तर साचे नवे, क्रॅश टेस्ट नव्या. ग्रिलची जाळी, बंपर, दिव्यांच्या आतली नक्षी हा नुसता चेहरा. तो मोल्ड कापले जाईपर्यंत हलू शकतो आणि लपवायलाही सोपा असतो. अंदाज बांधणारे बहुतेक लोक नेमके उलटे जातात. आधी चेहरा पाहतात आणि सांगाड्यापर्यंत पोचतच नाहीत.

कॉन्सेप्ट कार सगळीच खरी मानणं, किंवा सगळीच खोटी

कॉन्सेप्ट कार म्हणजे विक्रीआधी शोमध्ये मांडलेली नमुन्याची गाडी. माझी चूक दुसऱ्या प्रकारची होती. पहिल्या प्रकारची चूक पोर्शेच्या 'मिशन ई'च्या वेळी अनेकांनी केली. ती २०१५ मध्ये फ्रँकफर्टलाच आली होती. मधला खांब नाही, मागची दारं उलटी उघडणारी, आरशांच्या जागी कॅमेरे. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, तिची टायकान झाली तेव्हा मधला खांब परत आला, दारं नेहमीसारखी उघडू लागली, बाहेर साधे आरसे लागले. पण छताचा उतार, बसकं बॉनेट, रुंद मागची बाजू आणि डिकीवरची आडवी लाल पट्टी कॉन्सेप्टवरूनच आली होती.

म्हणून कॉन्सेप्ट पाहताना मनात दोन रकाने करावेत. उलटी दारं, कॅमेऱ्याचे आरसे, अंगाबाहेरची मोठी चाकं, कागदासारख्या पातळ सीट्स हे पहिल्या रकान्यात. यातलं बहुतेक गळतं. बाजूने दिसणारी आकृती दुसऱ्या रकान्यात. ती बहुधा टिकते. आणि लाँच वर्षाच्या आत असेल, तर चेहराही दुसऱ्याच रकान्यात टाका, मग तो कितीही खटको.

म्यूललाच नवी गाडी समजणं

रस्त्यावर चाचणी घेताना दिसणारी प्रत्येक गाडी नव्या डिझाइनची नसते. सुरुवातीला कंपन्या जुन्या मॉडेलच्या बॉडीखाली नवं इंजिन, नवं सस्पेन्शन किंवा नवी बॅटरी बसवून फिरवतात. यालाच टेस्ट म्यूल म्हणतात. ती ओळखायची खूण सोपी आहे: चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावतात आणि त्यावर कच्च्या, रिवेट मारलेल्या पट्ट्या लावलेल्या असतात. दारं आणि काचा आधीच्या मॉडेलच्याच. अशा गाडीवरून एकच सांगता येतं, की डाव्या आणि उजव्या चाकांमधली रुंदी वाढतेय. "नवी गाडी जुन्यासारखीच दिसणार" हा निष्कर्ष मात्र म्यूलवरून काढला तर तोंडावर पडाल.

काळ्या-पांढऱ्या नक्षीच्या आत रेषा शोधणं

चाचणीच्या गाड्यांवर डिझाइन लपवायला काळ्या-पांढऱ्या नक्षीचे स्टिकर चिकटवतात. ही नक्षी म्हणजे केवळ रंग झाकायचा कागद नव्हे. गाडीच्या अंगावरची घडी आपल्याला दिसते ती सावलीमुळे. नागमोडी काळे-पांढरे पट्टे ती सावलीच मोडून टाकतात. त्यामुळे स्टिकरखाली "धारदार शोल्डर लाइन" (काचांखालून जाणारी आडवी घडी) दिसली असं कोणी सांगितलं, की मी फोटो मोठा करून पाहतो. अनेकदा ती लाइन म्हणजे दोन स्टिकरचा सांधा निघतो.

फोटो मोठा करून शोधायच्या त्या वेगळ्याच गोष्टी. बंपरच्या आणि मागच्या खांबाच्या कडेला बारीक स्क्रूची डोकी दिसतात का? दिसत असतील तर वर प्लॅस्टिकचं कवच आहे आणि खरा पत्रा त्याच्या आत, काही सेंटिमीटर खाली आहे. बॉनेट जाड वाटतंय, डिकी चौकोनी वाटतेय, तर आधी हे स्क्रू शोधा. मागच्या दाराची काच आणि मागचा खांब जिथे मिळतात तो कोपरा बहुतेक वेळा खोट्या काळ्या तुकड्याने लांबवलेला असतो, कारण तिथेच घराण्याची ओळख असते. बीएमडब्ल्यूच्या काचेला १९६१ पासून तिथे जो बाक आहे, त्यावरून गाडी लांबून ओळखू येते. तो बाक झाकलाय म्हणजे तो काढून टाकलाय, असं होत नाही.

दिव्यांचंही तेच. सुरुवातीच्या प्रोटोटाइपवर (चाचणीसाठी बनवलेल्या गाडीवर) साधे गोल, उघडे दिवे असतात, रस्त्यावर चालवायचा नियम पाळण्यापुरते. त्यांवरून "रेट्रो गोल हेडलाइट" येणार अशी आवई उठते. खरे दिवे बसले की नक्षीच्या कागदात त्यांच्या आकाराचं नीट भोक कापलेलं दिसतं आणि आत एलईडीचे कप्पे चमकतात. त्याआधी दिव्यांवर एक अक्षरही बोलू नये.

फेसलिफ्ट आणि नवी जनरेशन यांची गल्लत

जर्मन घराण्यांत एक जनरेशन साधारण सात वर्षं चालते आणि मध्यावर फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीची वरवरची डागडुजी, येते. एफ३० (हे कंपनीचं जनरेशनचं अंतर्गत नाव) ही बीएमडब्ल्यू ३ सिरीज २०१२ मध्ये विक्रीला आली, तिच्या जागी जी२० ऑक्टोबर २०१८ मध्ये पॅरिसला दाखवली गेली आणि जी२०चा फेसलिफ्ट मे २०२२ मध्ये आला. तारखा जुळवून पाहिल्या तरी निम्म्या अफवा गळून पडतात. तिसऱ्या वर्षी कोणी "संपूर्ण नवी गाडी" म्हणत असेल, तर ती बहुधा बंपर, दिवे आणि स्क्रीन यांची बदली असते.

पण इथे एक पाचर आहे. फेसलिफ्ट नेहमी किरकोळ बदलांचाच असतो असंही नाही. लेक्सस आयएस हे चांगलं उदाहरण. तिसरी जनरेशन २०१३ मधली. २०२० मध्ये तिला बराचसा नवा पत्रा मिळाला, लांबी आणि रुंदी प्रत्येकी ३० मिमीने वाढली, मागच्या बाजूला आडवा दिवा आला, चाकं बसवायची पद्धतही बदलून नटऐवजी बोल्ट आले. फोटो पाहून कोणीही नवी गाडी म्हणेल. खाली प्लॅटफॉर्म (गाडीचा पाया) मात्र तोच आणि व्हीलबेसही, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतरही, तोच, २८०० मिमी. पत्रा फसवतो तिथे व्हीलबेस बोलतो. दोन गाड्यांच्या बाजूच्या फोटोत काचांची आकृती आणि चाकांमधलं अंतर जसंच्या तसं बसलं, तर ती जुनीच गाडी, कपडे नवे.

फोटोवर पट्टी लावून व्हीलबेस काढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त आवडते, कारण करणारा माणूस मेहनती असतो. तो फोटोतल्या पिक्सेल मोजतो आणि जाहीर करतो, "व्हीलबेस ४० मिमीने वाढलाय." पद्धत वाईट नाही, मात्र ती कुठे फसते हे ठाऊक हवं.

मोजायला माहीत असलेलं एक माप लागतं आणि ते टायरवर छापलेलं असतं. समजा २७५/३५ आर१९ असं वाचता आलं. रुंदी २७५ मिमी, तिच्या ३५ टक्के म्हणजे ९६.२५ मिमी ही टायरची भिंत. वर आणि खाली मिळून १९२.५. रिम १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिमी. बेरीज ६७५ मिमी, हा चाकाचा पूर्ण व्यास. आता फोटोत व्हीलबेस हा चाकाच्या किती पट आहे ते काढायचं आणि ६७५ ने गुणायचं.

उत्तर विचित्र येत असेल तर चाक गोल दिसतंय का ते पाहा. अंडाकृती दिसत असेल तर गाडी कॅमेऱ्याकडे तिरकी आहे. चाकाची रुंदी उंचीच्या ९० टक्के दिसली, की गाडी साधारण २६ अंशांनी वळलेली असते. अशा वेळी चाकाची उंची मोजली तर व्हीलबेस लांडा निघतो. आडवी रुंदी मोजा, म्हणजे तिरकेपणा दोन्हींकडून बराचसा कटतो. तरीही जवळचं चाक मोठं आणि लांबचं लहान दिसत असेल, तर फोटो जवळून, रुंद लेन्सने काढलाय. तो सोडून द्या, तो दुरुस्त होत नाही. भार पडल्याने टायर खाली थोडा चपटा बसतो, तेही आडवं माप घेतल्याने टळतं.

एवढं करूनही हुरळू नका. एफ३०चा व्हीलबेस २८१० मिमी होता, जी२०चा २८५१ झाला. एका अख्ख्या जनरेशनमध्ये फरक ४१ मिमीचा, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. फोटोत दोन चाकांत हजार पिक्सेल असतील तर हा फरक १४ पिक्सेलचा. चाकाचं केंद्र धरताना तुमचा माउस एवढा सहज हलतो. म्हणून मी एका फोटोवरून आकडा सांगत नाही. पाच-सहा फोटोंची उत्तरं काढतो आणि ती आपसातच ४० मिमीने मागेपुढे असतील तर गप्प बसतो.

रेंडरला पुरावा मानणं

दहा चित्रकारांनी दहा रेंडर (येणाऱ्या गाडीची कल्पनेतली चित्रं) काढले आणि दहाही सारखे दिसले, म्हणजे ते खरं, असं वाटतं. दहाही जणांनी तोच एक झाकलेला फोटो समोर ठेवलेला असतो. एआयने काढलेल्या चित्रांत तर दोन्ही बाजूंचे दिवेही कधी कधी सारखे नसतात. रेंडर पाहायला मजा येते, तेवढंच.

त्यापेक्षा नोंदणी कार्यालयांची कागदपत्रं चाळा, पण तिथेही दोन प्रकार वेगळे ठेवा. डिझाइनची नोंदणी म्हणजे कंपनीने स्वतः दाखल केलेली गाडीची आकृती. युरोपीय संघात तिचं प्रकाशन ३० महिन्यांपर्यंत लांबवता येतं, त्यामुळे ती बाहेर येते तेव्हा गाडी उंबरठ्यावर उभी असते. तांत्रिक पेटंटमधलं चित्र मात्र फक्त कल्पना समजावण्यापुरतं असतं. त्यातली गाडी कुठलीही असू शकते.

कंपनीने सांगितलेलंच न ऐकणं

मर्सिडीज-एएमजी सी६३ मधला व्ही८ (आठ सिलिंडरचं इंजिन) जाणार आणि चार सिलिंडरचं हायब्रिड येणार, हे एएमजीने २०२१ मध्येच सांगितलं होतं. तरी सप्टेंबर २०२२ पर्यंत "शेवटच्या क्षणी व्ही८ येईल" अशी चर्चा चालूच होती. आलं ते २ लिटरचं चार सिलिंडर आणि विजेची मोटर, मिळून ५०० किलोवॅट म्हणजे ६८० अश्वशक्ती. हायब्रिड म्हटल्यावर वजनही आलं. जून २०२४ मधली बीएमडब्ल्यूची हायब्रिड एम५ सेडान २४३५ किलोची निघाली, आणि "नवी एम५ हलकी होईल" म्हणणाऱ्यांची बोलती बंद झाली. याचा डिझाइनशी संबंध आहेच: वजन वाढलं की ब्रेक मोठे, ब्रेक मोठे की चाकं मोठी, चाकं मोठी की मडगार्ड फुगीर. वजनाचा अंदाज चुकला की बाजूच्या आकृतीचा अंदाजही चुकतो.

नावांच्या बाबतीत मात्र अधिकृत शब्दावरही पैज लावू नये. ऑडीने ठरवलं की सम आकडे विजेच्या गाड्यांना आणि विषम पेट्रोल-डिझेलला. त्यापायी २०२४ मध्ये ए४ची ए५ झाली. २०२५ च्या सुरुवातीला कंपनीने तो नियमच मागे घेतला आणि पेट्रोलची नवी ए६ ही ए६ म्हणूनच आली.

खुणा एकमेकींना छेद देत असतील तर

गाडीच्या मागच्या काचेवर गोल पिवळा स्टिकर दिसतोय, आणि खाली एक्झॉस्टचे चार पाइपही दिसताहेत. मग ही विजेची की पेट्रोलची? जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवर चाचणीला येणाऱ्या हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांवर तो स्टिकर लावतात, अपघात झाला तर बचाव पथकाला आत मोठी बॅटरी आहे हे कळावं म्हणून. त्यामुळे स्टिकर आणि पाइप दोन्ही असतील तर पहिला अंदाज प्लग-इन हायब्रिडचा, म्हणजे इंजिन असलेल्या पण प्लगवर चार्जही होणाऱ्या गाडीचा.

दुसरी शक्यताही लक्षात ठेवा. टायकानच्या प्रोटोटाइपवर पोर्शेने खोटे एक्झॉस्ट पाइप लावले होते, आणि पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या त्या गाडीबद्दल बऱ्याच जणांचा गोंधळ उडाला. फोटो मोठा करून पाइपच्या तोंडाशी पाहा. काजळीचा काळपट थर आहे का? पाइप आत जातोय की दोन बोटांवर बंद झालाय? थंडीतला फोटो असेल तर मागे वाफ दिसतेय का? आणि व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून नका पाहू. हायब्रिड गाडी पार्किंगमधून कधी कधी मुक्याने निघते आणि चढाला लागल्यावर इंजिन जागं होतं, तेव्हा क्लिप शेवटपर्यंत ऐकावी लागते.