मालकीचा लॅटिन शब्द पाच भाषांत: या चुका टाळा

फ्रेंच झालं की स्पॅनिश, मग इटालियन, असं एकापाठोपाठ शिकणारे आपल्याकडे आता बरेच आहेत आणि बहुतेकांना वाटतं की प्रॉपर्टीचा शब्द काय, सगळीकडे एकच आहे. मूळ एकच आहे हे खरंय, लॅटिनमधला प्रोप्रिएतास. त्यावरून फ्रेंचमधे प्रोप्रिएते, इटालियनमधे प्रोप्रिएता, पोर्तुगीजमधे प्रोप्रिएदाद, रोमानियनमधे प्रोप्रिएताते आणि स्पॅनिशमधे प्रोपिएदाद. पण इतके सारखे आहेत म्हणूनच घोळ होतो.

सगळ्यात कॉमन चूक दुसऱ्या 'र'ची. वरची यादी परत वाचा, स्पॅनिशने तो गाळलाय, घरमालकही तिथे प्रोपिएतारिओ. फ्रेंचवरून आलेली मंडळी सवयीने तिथेही 'प्रि' लिहितात आणि मार्क जातात. उपाय सोपा आहे, 'स्वतःचा' या अर्थाचा स्पॅनिश प्रोपिओ दहा वेळा मोठ्याने म्हणा, बाकीचे शब्द आपोआप त्या वळणाने येतात. लिंगाची चिंता नको, सगळीकडे स्त्रीलिंगीच, आपली मालमत्ता 'ती' तशीच. इटालियनमधे मात्र अनेकवचन बदलत नाही, ला प्रोप्रिएता, ले प्रोप्रिएता, आणि शेवटच्या आ वरची तिरकी खूण विसरायची नाही.

फ्रेंचमधला सापळा वेगळा आहे. प्रोप्रिएते म्हणजे मालकी आणि प्रोप्रते म्हणजे स्वच्छता, दोन्ही प्रोप्र या शब्दाच्या एकाच कुळातले. प्रोप्र नामाच्या आधी आला तर 'स्वतःचा', नंतर आला तर 'स्वच्छ'. मा प्रोप्र शांब्र म्हणजे माझी स्वतःची खोली, मा शांब्र प्रोप्र म्हणजे माझी स्वच्छ खोली. मी सुरुवातीला एका पत्राच्या अनुवादात हीच चूक केली होती, पत्रातली बाई आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली म्हणून आनंदात होती आणि मी तिची फक्त झाडलोट करून ठेवली. वाक्याचा जीवच गेला. तेव्हापासून जागा बघितल्याशिवाय मी प्रोप्रचा अर्थ लिहीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक. इटलीतल्या घरांच्या जाहिरातीत 'नूदा प्रोप्रिएता' दिसतं, किंमत आजूबाजूच्या घरांपेक्षा बरीच कमी, आणि लोक समजतात की रिकामं, बिनफर्निचरचं घर असेल. तसं नाही! इथे मालकी 'उघडी' आहे, म्हणजे तिच्यातून वापराचा हक्क काढून घेतलेला आहे. बहुतेक वेळा घरात एखादे आजी-आजोबा राहत असतात, ते हयात असेपर्यंत घर वापरायचा किंवा भाड्याने द्यायचा हक्क त्यांचाच, तुम्ही कागदावर मालक. म्हणून तर किंमतीत त्यांचं वय धरतात, वय जास्त तशी किंमत जास्त. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीजमधेही हीच सोय आहे आणि वापराच्या हक्काला उझुफ्रुई, उसुफ्रुक्तो, उझुफ्रुतु म्हणतात. तेव्हा मशीनने 'नग्न मालमत्ता' असं भाषांतर दिलं की तिथेच थांबा आणि घरात कोण राहतंय ते आधी विचारा.

दुसरं म्हणजे प्रत्येक वेळी मालकीच बघू नका. रसायनाच्या पुस्तकात हाच शब्द 'गुणधर्म' होतो, आणि स्पॅनिशमधे कोणी आब्लार कोन प्रोपिएदाद म्हणालं तर ते मालकी गाजवत बोलणं नाही, नेमके, योग्य शब्द वापरून बोलणं आहे. आपण 'मी प्रॉपर कोल्हापूरचा' म्हणतो ना, त्या प्रॉपरमधे मला तर हाच जुना अर्थ ऐकू येतो, नेमका तिथलाच, दुसरीकडचा नाही.

गोव्यातली जुनी कागदपत्रं वाचणाऱ्यांनी आणखी एक शब्द जपून वाचावा. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा तिथे 1870 पासून लागू झाला, त्यामुळे घरोघरी पोर्तुगीज दस्तऐवज आहेत आणि त्यात प्रोप्रिएदादच्या शेजारी 'प्रेदिउ' येतो. आजच्या लिस्बनमधे प्रेदिउ म्हणजे बिल्डिंग, डिक्शनरी ॲपही पटकन तेच सांगतं. पण दस्तात 'प्रेदिउ रुश्तिकु' लिहिलं असेल तर ती शेतजमीन किंवा बागायत असते, त्यामुळे नसलेली इमारत शोधत बसू नका, चतुःसीमा वाचा.