मेंडोलिनवर फिडलच्या धुना: आधी कुठला भाग, मग कुठला?

अमेरिकेच्या ॲपलाचियन डोंगरभागातल्या किंवा आयर्लंडच्या फिडलधुना (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) मेंडोलिनवर सहज बसतात, कारण दोन्ही वाद्यं जी, डी, ए, ई अशीच लावतात. गोव्यात पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन शिकलेल्यांना तर बोटांच्या जागा आधीच ठाऊक असतात. चार जणांत बसून वाजवताना गाडी अडते ती भागांच्या क्रमावर. एखादा सूर चुकला तर खपून जातो, भाग चुकला की सगळ्यांचंच वाजवणं विस्कटतं.

नेहमीचा सांगाडा असा: ए आणि बी नावाचे दोन भाग, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे ठोक्यांचा ठरलेला गट), प्रत्येक दोनदा. ए ए, बी बी, एकूण 32 बार. रील या जलद नाचधुनेत दर बारला पायाचे दोन ठोके पडतात, म्हणजे एका भागाला 16. तीनताल अंगात मुरलेल्याला मोजणी वेगळी शिकावी लागत नाही. एक भाग एक आवर्तन, पूर्ण फेरी चार आवर्तनं. बरेचदा एक भाग खालच्या सुरांत आणि दुसरा वर चढणारा असल्यानं अस्थाई-अंतरा आठवेल. पण अंतऱ्यातून मुखड्यावर येतो तसं इथं मधेच परतायचं नाही. बी दोनदा पूर्ण झाल्यावरच ए. हा हट्ट नाचामुळे आला आहे. न्यू इंग्लंडमधल्या काँट्रा नाचात (रांगांत, जोडीजोडीनं करायचा नाच) आकृत्यांची एक फेरी याच 32 बारांत बसवलेली असते. वादकानं एक भाग गाळला तर नाचणाऱ्यांची पावलं धुनेशी जुळत नाहीत.

आधी पिक (तार छेडायची पट्टी) खाली ठेवा. धून ऐकत पायानं 16 मोजा आणि भाग बदलला की मोठ्यानं म्हणा: पहिला ए, दुसरा ए, पहिला बी, दुसरा बी. पाच-सहा फेऱ्या न चुकता म्हणता आल्यावरच वाद्य घ्या.

मग सांधे घोटा. भाग सुटेसुटे पाठ असूनही माणूस अडखळतो तो सांध्यावर. ‘सोल्जर्स जॉय’ ही धून डी मेजरमध्ये, म्हणजे डीला सा धरून, घ्या. खालच्या भागाआधी दोन छोटे उचल-सूर येतात: डी तारेवर चौथा पडदा, पाचवा पडदा, आणि लगेच मोकळी ए तार. वरच्या भागात जाताना ए तारेवर पाचवा, सातवा आणि मग ई तारेवर दुसरा पडदा. दोन्हीकडे पिक खाली-वर आणि समेवर पुन्हा खाली. आधीच्या भागाचा शेवटचा सूर लांबवला तर या उचलीला जागाच उरत नाही, म्हणून तो वेळेत सोडा. मागच्या भागाचे शेवटचे दोन बार आणि पुढच्याचे पहिले दोन, एवढाच तुकडा संथपणे फिरवत राहा. पूर्ण धून दहादा वाजवण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त.

सुरुवात कुठून, हे मंडळींकडून घ्या. कागदावरचं ‘ए’ हे अक्षर अंतिम मानू नका. ‘क्रिपल क्रीक’ बहुतेक जण वरच्या भागापासून सुरू करतात. ‘अँजेलिन द बेकर’मध्येही वरचा भाग आधी घेणारे पुष्कळ आहेत आणि खालचा घेणारेही आहेत. ‘सोल्जर्स जॉय’चा क्रमही सगळीकडे एकसारखा नाही. म्हणून ‘वरून की खालून?’ एवढं आधीच विचारावं. त्यात कमीपणा नाही. मुरलेले वादकही विचारतात.

अपवाद थोडक्यात. काही आयरिश रील्समध्ये प्रत्येक भाग एकदाच येतो: ए, बी, परत ए. ‘द लार्क इन द मॉर्निंग’ या जिगला (आयरिश नाचधुनेचा आणखी एक प्रकार) चार भाग आहेत. जुन्या अमेरिकी धुनांत काही वाकड्या असतात, त्यांत एखादा ठोका कमी किंवा जास्त. तिथं मोजणी सोडून कानावरच भिस्त ठेवावी लागते.

फेऱ्या आणि शेवट. काँट्रा नाचाला बहुधा फिडलवाला आधी चार ठेके देतो, ते ‘पोटॅटोज’. त्यातून लय घ्या आणि पहिल्या सुरापासून सामील व्हा. आयरिश बैठकीत धून साधारण तीनदा वाजते आणि न थांबता पुढची सुरू होते. ब्लूग्रास या अमेरिकी संगीतप्रकारात एकेक जण पूर्ण फेरी घेतो, कधी एकजण ए ए आणि दुसरा बी बी. तुमची पाळी नसताना मेंडोलिननं उलट्या ठोक्यावर, म्हणजे पायाच्या दोन ठोक्यांच्या मधे, कॉर्डचा चॉप (वाजवून लगेच दाबलेला ठोका) द्यायचा. तेव्हाही भाग मनात मोजत राहा, नाहीतर पाळी आल्यावर कुठं आहोत तेच कळणार नाही. जुन्या अमेरिकी पद्धतीच्या बैठकीत शेवटच्या फेरीत कुणीतरी पाय वर उचलतं. तो दिसला की चालू फेरी पूर्ण करा, दुसऱ्या बीच्या शेवटच्या सुरावर सगळ्यांबरोबर थांबा.